उलट्या सरांनी परत केलेलं कातडं

तीस वर्षांत माझ्या दुकानातून गेलेलं एकच कातडं परत आलं. त्याला भोक नव्हतं, डाग नव्हता. परत करणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की इतकं चांगलं कातडं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तरी परत केलं. वर पैसे पूर्ण दिले, मी मागितले तेवढेच. हा दुसरा अपमान.

माझ्याबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर अपमान कुठं लागला ते कळायचं नाही. माझे वडील दुसऱ्याच्या हौदावर कातडी कमावत. दुपारी पाणी मागितलं की ते वरून ओंजळीत ओतलं जायचं. मी उचगावच्या कडेला स्वतःचे दोन हौद बांधले, कोल्हापूर शहरात चपलांचं दुकान घातलं आणि भाव कसा करायचा ते कुणी न शिकवता शिकलो. माझ्याशी सौदा करायला अथणी-निपाणीचे व्यापारी येतात आणि घासाघीस करून दमून जातात. माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. राग लवकर येतो हेही मान्य आहे. पण माझ्या मालाला कुणी नाव ठेवलेलं नाही.

कातडं परत करणारे गृहस्थ कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. मूळचे शिरोळकडचे, जैन. पोटापाण्यासाठी त्यांनी प्राकृत शिकवलं, आणि कुणी न सांगता जन्मभर यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांचा अभ्यास केला. गल्लीत त्यांना 'उलटे सर' म्हणत. हिब्रू भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळं त्यांच्या सगळ्या वह्या मागून उघडायच्या, आणि पन्नास वर्षांत ती सवय त्यांच्या हाडात शिरली होती. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. हातात लग्नपत्रिका दिली तर आधी 'कृपया आहेर आणू नये' वाचायचे, मग लग्न कुणाचं आहे ते बघायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा दुकानाच्या पायरीखाली उभे राहिले. पायात रबरी चप्पल, मनगटी घड्याळाला कापडी पट्टा. मी म्हटलं, "या पावणं, आत या." ते आत आले, चपलांची रांग नीट बघितली आणि म्हणाले, "मी कातडं वापरत नाही."

"मग चुकून आलासा," मी म्हटलं. "भांड्यांचं दुकान पलीकडं हाय."

"मला घालायचं नाही," ते म्हणाले. "वाचायचं आहे."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झालाय. मी खुर्ची दिली. ते बसले, माझ्याकडचं पाणी मागून प्यायले, तांब्या तोंडाला लावून. ही गोष्ट मी तेव्हाच मनात लिहून ठेवली. माणसाशी पुढं कितीही भांडण झालं तरी तेवढं खोडायचं नाही, असं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. यहुदी लोक आपल्या प्रार्थनास्थळात मुख्य धर्मग्रंथ छापील पुस्तकातून वाचत नाहीत. तो अजूनही कातड्यावर हातानं लिहितात, कातडी एकमेकांना शिवतात आणि त्यांची मोठी गुंडाळी करतात. बहुतेक देशांत हे कातडं पांढरट असतं. आपल्याकडच्या काही जुन्या गुंडाळ्या मात्र तांबूस आहेत, जुन्या विटेसारख्या. असं का, यावर सरांचं वीस वर्षं डोकं चाललं होतं. यहुद्यांच्या जुन्या शास्त्रात कातड्याची कृती दिलेली आहे: आधी मीठ, मग पीठ, मग माजूफळ, म्हणजे एका परदेशी झाडावरच्या तुरट गाठी. सरांचा तर्क असा, की इथं येऊन राहिलेल्या यहुद्यांना माजूफळ सहज मिळालं नसेल. मग त्यांनी इथल्या माणसांकडून, इथल्याच हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कातडी कमावून घेतली असतील, आणि तोच रंग उतरला असेल. हे दाखवायला त्यांना त्या पद्धतीनं कमावलेलं एक बकऱ्याचं कातडं हवं होतं.

"वीस वर्षं?" मी म्हटलं. "मला विचारलं असतंसा तर चहा यायच्या आत सांगितलं असतं. हिरड्यानं पिवळट येतं, बाभळीनं तांबडं. आमच्यात नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात कळतं की हे."

दुसरा कुणी विद्वान असता तर चिडला असता. सरांनी वही काढली, मागून उघडली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. तेही कसं? एकेक शब्द मोठ्यानं म्हणत. "हिरड्यानं", लिहिलं. "पिवळट", लिहिलं. दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडं बघायला लागली.

ही त्यांची दुसरी सवय. धर्मग्रंथाची नक्कल करणाऱ्या यहुदी लेखकाला आठवणीतून एक अक्षरही लिहायची परवानगी नाही. मजकूर तोंडपाठ असला तरी समोरच्या प्रतीत शब्द बघायचा, मोठ्यानं म्हणायचा, मगच लिहायचा. सरांना वाटलं, नियम नुसता वाचून काय कळणार? म्हणून त्यांनी तो एक महिना स्वतःला लावून घेतला, आणि तो पुन्हा सुटला नाही. सही करायची झाली तर खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढायचे, नाव बघायचे, मोठ्यानं म्हणायचे, मग सही. बँकेत एकदा मागच्या माणसानं विचारलं, "आजोबा, नाव विसरलासा काय?" सर म्हणाले, "नाही हो, पण चुकलं तर माझंच चुकेल ना?"

हिब्रूचा नाद कसा लागला ते मला त्यांनी निदान दहा वेळा सांगितलं असेल. तरुणपणी पुण्यात शिकायला असताना ते एका म्हाताऱ्या बाईंकडं भाड्यानं राहत. बाई कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या यहुदी लोकांतल्या. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं आडनाव, अंगावर नऊवारी, घरात मराठी, प्रार्थना हिब्रू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावायच्या आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत चूल पेटवायच्या नाहीत. सर सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. दोघांचंही लक्ष सूर्याकडं, त्यामुळं दोघांचं जमलं. बाईंना ग्रंथातल्या गोष्टींवरची मराठी कीर्तनं पाठ होती. सरांनी ती उतरवून घेतली आणि मूळ हिब्रूत काय आहे ते पाहायला म्हणून भाषा शिकायला बसले. कोकणात त्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी बंद असायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे सांगताना सरांचा चेहरा असा फुलायचा, जणू तो घाणा त्यांच्याच आजोबांचा.

ही कीर्तनं ते माझ्या दुकानात म्हणायचे. आवाज बरा होता. मोशे आपल्या लोकांना घेऊन समुद्राकाठी आला, मागून राजाचं सैन्य आलं, आणि हे सगळं आपल्या ओळखीच्या चालीत, अस्सल मराठीत. एक पाय जुन्या आणि एक पाय नव्या चपलेत घातलेलं गिऱ्हाईक समुद्र दुभंगेपर्यंत उठायचं नाही. त्यामुळं काही जोड जास्त खपले, हे मी नाकारत नाही.

पण भावाच्या बाबतीत त्यांच्यासारखा त्रासदायक माणूस मी पाहिला नाही. कातड्याचा भाव मी सांगितला तो अर्थात वाढवून सांगितला. कुणी निम्मा म्हणायचं, मग मी ओरडायचं, मग त्यानं उठून जायचं, मी परत बोलवायचं, अशी ती रीत आहे. सर म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, की बकऱ्याचं कातडं महागलंय, साल लांबून आणावी लागते, कातडं तासायची रापी चालवणारा हात आता मिळत नाही, आणि एकाच कातड्यासाठी हौद अडकून पडणार." एवढं मी स्वतःही कधी मांडलं नव्हतं. मी वाट बघत राहिलो, की आता 'पण' येईल. सर म्हणाले, "पटलं मला," आणि पाकीट काढलं.

मी रागानं लाल झालो. भाव न करता पैसे देणारा माणूस म्हणजे, आपल्याशी बोलायलाच नको असं म्हणणारा माणूस. हे मी त्यांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, की यहुदी पंडितांची जुन्या काळी दोन घराणी होती, दोन्ही सतत भांडायची. शेवटी एका घराण्याचा शब्द चालला. का चालला? तर ते लोक वादात आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचे, मग आपलं. "आधी समोरच्याचं," सर म्हणाले. "कधी कधी ते सांगून झाल्यावर आपलं काही उरत नाही, त्याला काय करणार?"

हे 'आधी समोरच्याचं' ते कुठंही काढायचे. रिक्षावाल्याशी, बायकोशी, मोकाट कुत्र्याशीसुद्धा. त्यांच्या घरी मी पाहिलंय. त्यांच्या बाई म्हणायच्या, कातड्याच्या दुकानातून आलाय, अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही. सर दारात उभे राहून बाईंची बाजू बाईंपेक्षा चांगली मांडायचे आणि मग मुकाट्यानं अंघोळीला जायचे.

सौदा ठरला तसा त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर एक वाक्य लिहिलं होतं: 'हे कातडं मी पवित्र ग्रंथासाठी कमावतोय.' म्हणाले, कातडं चुन्याच्या हौदात टाकताना हे मोठ्यानं म्हणावं लागतं. भाषा कुठलीही चालते, पण त्या वेळी मनात दुसरं काही नको. या कामासाठी म्हणून कमावलेलं कातडंच ग्रंथाला चालतं. चपलेसाठी कमावलेलं कितीही सुरेख असलं तरी चालत नाही.

मी विचारलं, "पण आमच्यासारख्या बाहेरच्याचा हात चालतो का?"

सर जरा घुटमळले. खोटं बोलता येत नव्हतं बिचाऱ्यांना. म्हणाले, यावर मतभेद आहे. एक मोठे पंडित म्हणतात चालत नाही. दुसरे म्हणतात, त्यांच्यातला कुणी शेजारी उभा राहून सांगत असेल तर चालतो.

माझ्या डोळ्यांपुढं वडिलांची ओंजळ आली. मी म्हटलं, "म्हणजे तिकडंबी हेच. कातडं पायजे, माणूस नको. उचला तुमचा कागद."

सर उठले नाहीत. म्हणाले, "चालत नाही म्हणणाऱ्याचं कारण ऐका. तो म्हणतो, बाहेरचा माणूस आपल्या मनानं काम करतो. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तो मनात तसं आणेलच असं नाही. त्याचं मन त्याचं आहे."

मी विचार केला. बायको आत चपलांना वेणी लावत बसली होती, ती तिथून म्हणाली, "ह्यांच्याबाबतीत खरं हाय ते. कुणाचं ऐकत्यात?"

कागद मी ठेवून घेतला. एक अट मात्र घातली: तुम्ही जे छापणार आहात त्यात माझं नाव आलं पाहिजे. सर म्हणाले, "नावाचं सांगत नाही. म्हणणं नक्की घालीन." मी मनात म्हटलं, म्हणणं आलं की नाव येणारच. इथं मी फसलो. इतक्या वर्षांच्या धंद्यात कबुली इतकी ढिली मी कधी सोडली नव्हती.

चुन्याच्या दिवशी ते स्वतः हजर राहणार होते. पण त्यांचं पर्युषण सुरू झालं. त्यांचे उपवास होते आणि त्या दिवसांत हौदाकडं येणं त्यांना बरोबर वाटेना. इकडं हवा ओली, कातड्यावरचं मीठ पाझरायला लागलेलं, थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला: तुम्ही म्हणा, मी तुमच्या शब्दावर लिहीन.

सकाळी मी हौदावर गेलो. कागद भिंतीला चिकटवलेला होता. कातडं दोन्ही हातांत धरलं, आणि त्याच वेळी अथणीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. मोठा माल उचलणारा माणूस, दोन महिने मी त्याला झुलवत होतो. बायकोनं फोन माझ्या कानाला लावून धरला. त्या दिवशी तो सौदा कसा झाला ते इथं सांगायची गरज नाही. पण वाक्य मी म्हटलं. एकही शब्द गाळला नाही.

कातडं असं उतरलं, की हौदावरची माणसं काम सोडून बघायला आली. पीठ लावताना बायको कुरकुरली होती, की भाकरीचं पीठ कातड्याला घालणारा हा कुठला धर्म. पण पिठानं त्याला असा मऊपणा आला, की मी तेव्हापासून चांगल्या मालाला गुपचूप पीठ लावतो. आणि रंग? सरांनी एका जुन्या तांबूस गुंडाळीचा फोटो शेजारी धरला. तोच रंग. जैन माणूस, पण कातड्यावरून असा हात फिरवला, जसा कुणी शाळेतून आलेल्या नातवंडाच्या पाठीवरून फिरवेल. मग वही मागून उघडली आणि विचारलं, "वाक्याचा उच्चार झाला?"

"झाला," मी म्हटलं.

"झाला," सर मोठ्यानं म्हणाले आणि लिहायला लागले. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "झाला की. फोनवर."

सरांचं पेन थांबलं. "म्हणजे कसं, वहिनी?"

तिला नक्कल करायची हौस आहे, नको तिथं. ती बाहेर आली, हातात काल्पनिक कातडं धरलं, मान वाकडी केली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "हे कातडं मी पवित्र ग्रंथासाठी, न्हाई शेठ, त्या भावात जमायचं न्हाई, सालीचं तरी पैसं निघाय नकोत का, कमावतोय."

सर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मला वाटलं, मिटलं. मग त्यांनी चष्मा घातला, पैसे टेबलावर ठेवले, कातड्याची नीट गुंडाळी केली आणि ती माझ्याकडं सरकवली. "मालक, असं कातडं मी आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले. "पण हे मला घेता येत नाही."

रात्रभर मी धुमसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कातडं काखेत मारून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बाईंनी मला आणि कातड्याला व्हरांड्यात बसवलं. मी सुरुवात केली. म्हटलं, "सर, तुम्ही यहुदी न्हाई, मी यहुदी न्हाई, ह्याच्यावर कुणी ग्रंथ लिहिणार न्हाई. मग मनात काय हाय ते बघणार कोण?"

"प्रयोग आहे," सर म्हणाले. "झालं नाही ते झालं म्हणून लिहिलं, तर उद्या कुणी माझ्या लिहिण्यावर भरवसा का ठेवावा?"

"शब्द सगळे म्हटले का न्हाई?"

"म्हटले."

"मग मन. मी फोनवर सिनेमाचं बोलत हुतो का? कातड्याचंच बोलत हुतो. कातड्याचा भाव करणं हे कातड्याचंच काम हाय. सुतार लाकूड कापताना लाकडाचं बोलला, तर त्याचं मन लाकडात न्हाई म्हणायचं?"

सर एकदम ताठ बसले. "पुन्हा म्हणा," म्हणाले, आणि वही काढली. सगळं लिहून घेतलं, एकेक शब्द मोठ्यानं उच्चारत. बाई आतून डोकावून गेल्या. लिहून झाल्यावर सर म्हणाले, "तुम्ही दीड हजार वर्षं आधी जन्मला असतात तर त्या पंडितांनी तुम्हाला पंक्तीत बसवून घेतलं असतं. माझ्याजवळ याला एवढंच उत्तर आहे, की वाक्य मध्ये तुटलं."

"मग ठरवा काय ते. पास का नापास?"

"राहू दे," सर म्हणाले.

मला वाटलं, टाळतायत. पण तसं नव्हतं. यहुद्यांच्या जुन्या वादांच्या ग्रंथात ही रीत आहे. दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या आणि कुणाला निकाल देता येईना, की तिथं लिहायचं, राहू दे, आणि पुढच्या प्रश्नाकडं जायचं. तसे कितीतरी प्रश्न अजून तिथंच उभे आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्या ते वाचतात, पुन्हा वाद घालतात आणि पुन्हा 'राहू दे'पाशी येऊन थांबतात.

दीड हजार वर्षं! मी सौदा दीड तास लटकू देत नाही. कातडं उचललं आणि पायऱ्या उतरलो.

त्यांना दुसरं कातडं करून दिलं, कारण पैसे घेतले होते. त्या वेळी सर स्वतः शेजारी उभे होते, हौदापासून चार हात लांब, नाकाला रुमाल लावून. फोन बायकोनं पिठाच्या डब्यात ठेवला होता. मी वाक्य नीट म्हटलं. ते कातडं साधारणच निघालं. मानेकडं भोक, पाठीवर गोचिडाचा डाग, रंग कुठं गडद कुठं फिका. मी ते गिऱ्हाइकाला दाखवलंही नसतं. सरांनी ते घेतलं, हसत घेतलं, आणि त्यावर त्यांचा सगळा अभ्यास उभा राहिला. माझ्या मनात जे सलतं ते हे. सोनं परत केलं आणि भोक पडलेलं पास केलं.

पुढं सर मुलीकडं बेंगळुरूला राहायला गेले. जाताना दुकानात आले, एक कीर्तन म्हटलं, पाणी प्यायले. कातड्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. ते भिंतीवर टांगलेलं होतं. जाताना त्याच्याकडं एकदा बघून गेले.

मागच्या वर्षी टपालानं एक जाड मासिक आलं. इंग्रजी. माझी थोरली कॉलेजला आहे, तिला वाचायला बसवलं. सरांचा लेख होता. तांबड्या गुंडाळ्या, कोकण, हिरडा, बाभूळ, सगळं आलं होतं. माझं नाव कुठं आहे ते बघ, म्हटलं. तिनं सगळी पानं चाळली. नाव नव्हतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की समोरचा सायकलवाला धावत आला. मग थोरली म्हणाली, "आबा, थांबा. खाली बारीक अक्षरात एक टीप हाय." आणि तिनं ती मराठीत करून सांगितली:

'पहिलं कातडं. कोल्हापूरचे कारागीर म्हणतात: चालतं. शब्द सगळे उच्चारले गेले, आणि कातड्याचा भाव करणं हेही कातड्याचंच काम असल्यामुळं मन कामाबाहेर गेलं नव्हतं. लेखक म्हणतो: चालत नाही, वाक्य मध्ये तुटलं. राहू दे.'

मी तिला ते तीनदा वाचायला लावलं. आधी माझं होतं, मग त्यांचं.

तरी राग होताच. तिथल्या तिथं फोन लावला. "सर, नाव कुठं हाय?"

पलीकडून तोच आवाज आला, थोडा बारीक झालेला. "मालक, त्या दोन घराण्यांतल्या किती पंडितांची नावं मी तुम्हाला सांगितली?"

"एकाचंबी न्हाई."

"आणि त्यांचं म्हणणं?"

"सगळं पाठ हाय," मी म्हटलं. "पण ते राहू द्या. माझ्याकडं आणखी एक मुद्दा हाय."

हा मुद्दा इतकी वर्षं मी कुणाला सांगितला नव्हता. बायकोला माहीत होता, पण तिनंही नकलेत तो गाळला होता, हे तिचे उपकार. त्या सकाळी अथणीच्या व्यापाऱ्याशी मी सौदा हरलो होतो. दोन महिने झुलवलेला माणूस, आणि वाक्याचा शेवटचा शब्द म्हणता म्हणता मी त्याच्या भावाला 'बरं' म्हणून बसलो. माल त्याच्या भावात गेला. माझ्या हातून असं आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही. तो गडी अजून अथणीत सांगत फिरतो.

"माझं मन सौद्यात असतं तर मी हरलो असतो का?" मी म्हटलं. "मन वाक्यात हुतं, सर. म्हणून हरलो."

मग सर म्हणाले, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"धंद्यात इज्जत असती की काही."

"मन सगळं वाक्यात होतं?"

इथं मला हो म्हणता आलं असतं. दिवसातून वीस वेळा मी गिऱ्हाइकाला सांगतो, की तुम्हाला म्हणून खरेदीच्या भावात देतोय. पण या माणसासमोर जीभ वळेना. "अर्धं हुतं," मी म्हटलं.

"अर्धं," सर मोठ्यानं म्हणाले. मग मला वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि बेंगळुरूतून, सावकाश, एकेक शब्द उच्चारत, त्यांनी माझं म्हणणं लिहून घ्यायला सुरुवात केली. "सौदा. हरलो. म्हणून. मन." मी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. कधी कुणाचं इतका वेळ ऐकलं नसेल. शेवटी विचारलं, "मग? आता तरी?"

"अर्ध्यावर त्यांच्यात फार मोठा वाद आहे," सर खुशीत म्हणाले. "बघतो. तोवर राहू दे."

गेल्या महिन्यात तोच अथणीचा व्यापारी दुकानात आला होता. त्याची नजर भिंतीवरच्या कातड्यावर गेली. हात लावून बघितलं, उजेडात धरून बघितलं, आणि भाव विचारला. मी म्हटलं, ते विकायचं नाही. तो खूष झाला, कारण धंद्यात याचा अर्थ चढा भाव सांगा असा होतो. त्यानं स्वतःच एक भाव सांगितला. मग वाढवला. मग आणखी वाढवला. मी चपला लावत होतो.

"का हो?" शेवटी तो म्हणाला. "खोट हाय काय त्यात?"

"खोट न्हाई," मी म्हटलं. "निकाल लागायचाय."